काळ्या फळ्यावरचा पांढरा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. थंड डोक्याच्या बाईने मामाजींशी पैज लावलीच नसती.

मामाजी म्हणजे माझे सासरे. चिखलीजवळचा आमचा भिंतीच्या रंगाचा छोटा कारखाना त्यांनीच उभा केलेला. रसायनशास्त्र शिकलेली सून म्हणून मी त्यात शिरले. पांढऱ्या रंगाचा सगळा जोर टायटॅनियमच्या भुकटीत असतो आणि तीच सगळ्यात महाग. मी ती थोडी कमी केली आणि तिच्या जागी बारीक, भाजलेली चिनी माती घातली. ही माती म्हणजे एक सिलिकेटच. टायटॅनियमचे कण घोळक्याने बसले की वर्गातल्या बडबड्या पोरांसारखे कामच करत नाहीत. माती त्यांना वेगवेगळं बसवते. हे मी मामाजींना तीनदा समजावून सांगितलं.

"मातीनं सारवतेत वो बाई, रंगवत नाहीत," ते म्हणाले. "जानेफळच्या शाळेत भिंतीवरचा काळा फळा बुजवाचा हाय. दोन हातांत झाकला तं तुहा रंग. नाही तं जुनाच चालू ठेवू, अन् तू दुकानात बस."

दोन हात म्हणजे दोनदा रंग. आणि दुकानात बसणं म्हणजे माझं शिक्षण कपाटात. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

शाळेत रंगवायला अमडापूरचे एक म्हातारे पेंटर आले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी फळा घासून घेतला आणि पहिला हात मारला. रंगाखालून काळा फळा चक्क दिसत होता. मामाजी हसले. "पाणी हाय हे, पाणी!" म्हणत चहा प्यायला निघून गेले.

खरं सांगते, माझा धीर सुटला. कारखान्यात मी कायम वाळलेले नमुनेच तपासले होते, ओल्या भिंतीकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी तणतणत गाडीतली जुन्या रंगाची बादली उचलून आणली आणि चाचांना म्हटलं, "पुसा ते. हा मारा."

चाचांनी ब्रश खाली ठेवला. "बेटा, काऊन घाई करून राह्यली? हा तं चुन्यावानी हाय. ओला असला का आरपार दिसते, वाळला का पांढराफट. आम्ही जिंदगीभर चुना मारला. सुकू दे."

मी बादलीवरच बसले. माझी मलाच लाज वाटली. वाळताना मातीच्या कणांमध्ये बारीक हवा अडकते आणि रंग पांढरा होतो, हे मी वहीत लिहिलेलं होतं, आणि ते मला चुना मारणाऱ्या माणसाने शिकवावं!

कडांकडून पांढरं उमलायला लागलं. मधला काळा करडा झाला, मग फिका. चाचांनी दुसरा हात मारला, पुन्हा सगळं ओलं, पुन्हा काळं डोकावलं. या वेळी मी जागची हलले नाही. ऊन वर आलं, भिंत वाळली आणि मी वर्गातच टाळ्या पिटल्या. चाचाही दाढीत हसत होते.

गावातल्या गप्पा आटोपून मामाजी दुपारी परत आले. भिंतीपाशी गेले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, हात फिरवला.

"फळा कुठी होता वो?"

"शोधा," मी म्हटलं.