टाकीवरचा टवका

लेकीचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "लागलं का?" ती म्हणाली, "टाकीचा टवका गेलाय, पप्पा." वलवणच्या वळणावर खडीवरून मोटारसायकल घसरली होती. वेग नव्हताच, पण हँडल वळून टाकीवर आदळलं होतं. तिचं कोपर खरचटलंय हे मला ती घरी आल्यावर दिसलं.

गाडी माझी. तळेगावच्या कारखान्यात तिला नोकरी लागली, तेव्हा मी तिला दिली. दिली म्हणजे किल्ली दिली, जीव गाडीतच अडकलेला होता. रंग मोतिया पांढरा. हा पांढरा म्हणजे डबा उघडला आणि फासला, असा नसतो. खाली करडा प्रायमर, त्यावर साधा पांढरा, त्यावर मोत्याची झाक असलेला पातळ थर आणि सगळ्यांवर काचेसारखं लॅकर. एखादा थर जाड झाला, की डाग म्हशीच्या पाठीवरच्या बगळ्यासारखा लांबून दिसतो.

गॅरेजवाला म्हणाला, अख्खी टाकी रंगवू. मी ऐकतोय कसला! दर रविवारी पार्किंगमध्ये स्टूल टाकून बसू लागलो. टवक्याच्या कडा ओल्या पॉलिश पेपरने घासायच्या, टूथपिकच्या टोकाने रंगाचा थेंब सोडायचा, वाळू द्यायचा, पुन्हा सोडायचा. सरत्या पावसाळ्यात लोणावळ्यात रुमाल वाळत नाही, तिथे रंग काय वाळणार? पण मला ते काम आवडत होतं. मी रागावलेलो नाही, हे मला तिला सांगायचं होतं. असलं काही तोंडाने सांगायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून मी टाकी घासत होतो.

ती मात्र रोज लोकलने जायची. "गाडी ने की, टवका काय चाक अडवतोय?" मी म्हणायचो. "नको, तुमचं काम चाललंय." थर चढत गेले तशी ती गाडीजवळून जाताना अंग चोरायला लागली. मला वाटलं, रस्त्याची भीती बसली. पोरगी आता कधीच गाडीवर बसणार नाही.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी लॅकरचा शेवटचा थर दिला. डाग शोधून सापडेना. सकाळी औंढ्याहून माझी आई आली. मी झेंडू आणायला बाजारात गेलो, तेवढ्यात तिने गाडीची पूजा उरकली आणि टाकीवर नेमक्या त्याच जागी, अजून ओल्या असलेल्या लॅकरमध्ये, हळदीकुंकवाची बोटं दाबली.

मी आलो आणि ओरडलोच. "आई, काय केलंस हे!"

"आरं, पोरीला इचारलं, गाडीला कुटं लागलंय. लागलंय तितं कुंकू लावायचं न्हाई, तर मग कुटं लावायचं?"

पुसायला गेलो तर निघेना, म्हणून पॉलिश पेपर उचलला. लाल-पिवळा ठसा लॅकरमध्ये रुतून बसला होता. तोवर लेक खाली आली. तिने टाकीवर वाकून नीट पाहिलं आणि खळखळून हसली. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. मग माझ्या हातातल्या पॉलिश पेपरकडे तिचं लक्ष गेलं आणि हसू थांबलं.

"हे परत घासणार?"

हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू? पण तिचा चेहरा बघून म्हणालो, "नाही. राहू दे असंच."

"मग उद्यापासून गाडी नेऊ?"

"ने की. पण तुला रस्त्याची भीती बसली होती ना?"

"रस्त्याची कुठे, पप्पा?" असं म्हणून तिने माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.