बालाजीरावाचा एकविसावा मजला

माझा धाकटा भाऊ बालाजीराव याच्यासमोर चेन्नईच्या उकाड्याबद्दल बोलू नये. बोलाल तर तो तुम्हाला ब्रेक दाखवील. अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्याने उभा जन्म लॉऱ्यांच्या ब्रेकची लायनिंगं तपासली. निवृत्त झाला तेव्हा त्यातलं एक फळीवर ठोकून घरी आणलं. बाहेरच्या खोलीत वेंकटेशाच्या तसबिरीखाली ते टांगलेलं आहे, आणि सणावारी त्यालाही हळदकुंकू लागतं.

"खंडाळ्याच्या घाटात लॉरी थांबते ती कुणामुळे?" तो पाहुण्याला विचारतो. पाहुणा बिचारा म्हणतो, ड्रायव्हरमुळे. "अंबत्तूरमुळे!"

आम्ही तंजावरकडची मराठी माणसं. पुण्याला गेलो की आमचं मराठी ऐकून लोक तोंडावर हात धरतात. इकडे तमिळ शेजारी तीन पिढ्यांनंतरही कौतुकाने विचारतात, तुम्ही नॉर्थचे ना? अशा माणसांना आपलं गाव कुठलं हे नीट सांगता येत नाही. बालाजीरावाला मात्र येतं. त्याचं गाव चेन्नई, आणि चेन्नईवर त्याचं प्रेम नुसतं तोंडी नाही. तो तिथली जमीन घेतो.

निदान बघतो तरी. इथे प्लॉट विकणारे लोक दर रविवारी व्हॅन काढतात. फुकट नेतात, रखरखीत माळावर रंगवलेले दगड दाखवतात, मांडवात वडा आणि पायसम, म्हणजे खिरीचं जेवण घालतात आणि निघताना हातात स्टीलचा डबा देतात. निवृत्तीनंतर बालाजीरावाने एक रविवार चुकवला नाही. अन्नपूर्णाच्या, म्हणजे माझ्या भावजयीच्या, स्वयंपाकघरातले सगळे डाळ-तांदूळ अशा डब्यांत आहेत. दोनदा तो डब्यावर थांबला नाही, प्लॉटही घेऊन आला. दोन्ही उन्हाळ्यात घेतले. पावसाळ्यात बघायला गेलो तर एका प्लॉटवर बदकं होती आणि दुसऱ्याकडे जायला वाटच नव्हती.

"अक्का, हे भविष्य आहे," तो म्हणाला.

"कुणाचं? बदकांचं?"

तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मला तेवढीच शांतता.

हे सगळं चाललं असतं. पण त्याची मुलगी नंदिता पुण्याला दिली आणि त्याच्या नशिबी उमाकांतराव हे व्याही आले. माणूस वाईट नाही. फक्त प्रत्येक वाक्य 'आमच्या पुण्यात' असं सुरू करतो. लग्नात घाम पुसत म्हणाले, "आमच्या पुण्यात हवा आहे हो. तुमच्याकडे काय, कारखाने."

"हवेत गुंतवणूक करता येते की?" बालाजीरावाने विचारलं. वर सांबार आमच्या तंजावरच्या राजवाड्यात जन्मलं, हेही ऐकवलं.

उमाकांतराव हसले आणि मोबाइलवर आपला अठराव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. खाली टेकडी, समोर ढग.  बालाजीरावाचं घर अंबत्तूरला गल्लीत, खाली-वर मिळून दोनच मजले. वरून फक्त शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसते.

तेव्हापासून त्याने ध्यास घेतला. अंबत्तूरचं घर विकायचं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला शोळिंगनल्लूरला, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या त्या रस्त्यावर, एकविसाव्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचा. अठरापेक्षा एकवीस जास्त. हिशोब एवढाच. हवेत गुंतवणूक होत नाही म्हणणारा माझा भाऊ शेवटी हवेतच गुंतवणूक करायला निघाला.

अडचण एक होती. अंबत्तूरचं घर अन्नपूर्णाच्या नावावर होतं. बांधताना त्याने मोठ्या थाटात 'लक्ष्मीच्या नावावर असू दे' म्हटलं होतं, कारण ज्योतिषाने तसं सांगितलं होतं. आता विकायला लक्ष्मीची सही लागणार होती. अन्नपूर्णाने नवऱ्याला जन्मात कधी नाही म्हटलेलं नाही. त्यानेही कधी असं विचारलेलं नाही, की ज्याला नाही म्हणता येईल. परसात तिची विहीर. सगळं शहर लॉरीच्या पाण्यासाठी कळशा लावून उभं असतं तेव्हाही गोड पाणी देणारी. विहिरीपाशी कढीलिंबाचं झाड, आणि वरच्या पोर्शनमध्ये कारखान्यात काम करणाऱ्या मुली भाड्याने. संध्याकाळी त्या शिफ्टवरून आल्या की खालीच गप्पा मारत बसायच्या. बालाजीरावाने दिवाळीनंतर 'रंग काढायचा आहे' म्हणून त्यांना घालवलं. रंगारी काही आला नाही, घर रिकामं करून विकायचं होतं.  अन्नपूर्णा संध्याकाळचा चहा चार कप जास्त करायची आणि ओतून टाकायची.

मार्गशीर्षात त्याने आम्हा दोघींना तो फ्लॅट बघायला नेलं. बिल्डरचं ऑफिस थंडगार होतं. काचेच्या खोलीत मॅनेजर, बाहेर रम्या नावाची तरतरीत विक्रीवाली पोरगी. तिने तमिळमध्ये वणक्कम केलं, टेंडर कोकोनट, म्हणजे शहाळं, दिलं आणि आम्हाला वर नमुन्याच्या फ्लॅटमध्ये नेलं.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. आमचं मराठी पुस्तकांनी टिकवलं नाही, ते दुकानदारांनी टिकवलं. साडीवाला असो, भाजीवाली असो, आम्ही त्याच्यासमोर मराठीत भाव ठरवतो आणि मग तोंडाने तमिळमध्ये भांडतो. चेन्नईत मराठी कुणाला कळतं? या भरवशावर आमच्या पिढ्यान् पिढ्यांनी स्वस्तात साड्या नेसल्या.

"तोंड वाकडं करा गे दोघी," बालाजीराव मराठीत म्हणाला. "आवडलं असं दाखवूं नक्को."

"मला मुद्दाम करावं लागत नाही," मी म्हटलं.

अन्नपूर्णा खिडकीपाशी गेली, खाली पाहिलं आणि भिंत धरली. "इथे पापड वाळवायचे तर कुठे?"

"सार, या बाजूला युटिलिटी बाल्कनी आहे," रम्या तमिळमध्ये म्हणाली. "मॅडमना वाळवणाला छान."

"बघ!" बालाजीराव मला म्हणाला. "चेन्नईची पोर! ग्राहकाच्या मनातलं ओळखते. पुण्यात मिळेल की?"

मी म्हटलं, "देवघर तर संडासाच्या भिंतीला लागून आहे."

"सार, पूजेची जागा या कोपऱ्यात करून देतो," रम्या लगेच म्हणाली.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकले आहे, आणि तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही. बालाजीरावाने मग आम्हाला हळूच मराठीत सांगितलं, किमतीत कितीपर्यंत चढायचं मनात आहे. रम्या मॅनेजरला फोन करायला बाहेर गेली, परत आली आणि नेमका तोच आकडा बोलली.

"देवाचीच इच्छा!" भाऊ गहिवरला. "आता सही तेवढी कर गे."

आणि अन्नपूर्णा बोलू लागली. घरी चार भिंतींत जी कधी बोलली नाही, ती परक्या माणसासमोर बोलली. समोरच्याला आपली भाषा कळत नाही, म्हणूनच बोलली.

"मला इथे यायचं नाही. इतक्या उंच मी कुणाशी बोलूं? आपल्या वाट्याला जमीन किती येते?"

"सगळ्यांच्यात मिळून येते."

"तुळशीच्या कुंडीएवढी तरी?"

"हळू बोल. आता माघार नाही. उमाकांतराव पोंगलला येतायत."

"येऊं देत की."

"मी त्यांना सांगिटलं, आपण इथे राहायला आलो म्हणून."

 अन्नपूर्णाने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं उतू गेलेल्या दुधाच्या पातेल्याकडे पाहतात. मग ती रम्याकडे वळली. रम्या अगदी मन लावून छताकडे पाहत होती.

"पोरी," अन्नपूर्णा मराठीत म्हणाली, "तुझं माहेर कुठलं गे?"

रम्याचे कान लाल झाले. "तंजावर, काकू. मेलवीदी रस्त्यावर."

बालाजीरावाच्या हातातलं शहाळं कललं आणि पाणी मॉडेल फ्लॅटच्या गालिच्यावर सांडलं.

"तरीच आकडा बरोबर आला," मी म्हटलं.

"काय करूं अक्का, टार्गेट असतं," ती म्हणाली. तेवढ्यात काय झालं बघायला मॅनेजर वर आला. रम्याने चेहऱ्यावरचं हसू तसूभरही हलू न देता त्याला तमिळमध्ये सांगितलं, "सार, कस्टमरना फार आवडलंय."

अन्नपूर्णा तिच्याजवळ गेली. "आता आपल्या भाषेत खरं सांग. तू इथे घर घेशील की?"

मॅनेजर कौतुकाने पाहत होता. रम्या हात पसरून बाल्कनी दाखवत, गोड आवाजात, जाहिरात म्हणावी तशी मराठीत बोलू लागली. "नक्को काकू. आम्ही वेलचेरीला राहतो. पाऊस आला की घरात पाणी शिरतं, फ्रिज खाटेवर चढवतो. इथे लिफ्ट बंद पडली की म्हातारी माणसं वरच अडकतात, आणि पाणी सगळं लॉरीचं. आमच्या ह्यांचं ऑफिस अंबत्तूरला आहे. तुम्ही खाली लॉबीत बोलत होता, वरचा पोर्शन रिकामा आहे म्हणून. विहीर आहे म्हणून. भाड्याने द्याल की?"

"बेस्ट सेल्स गर्ल," मॅनेजर बालाजीरावाला म्हणाला.

"होय की," माझा भाऊ खोल गेलेल्या आवाजात म्हणाला.

अन्नपूर्णाने पर्स बंद केली. पेन पर्समध्येच राहिलं. "मी सही करणार नाही," ती म्हणाली. या वेळी तमिळमध्ये, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून.

 अंबत्तूरला शेअर ऑटोतून उतरताना बालाजीराव एवढंच म्हणाला, "भाडं तरी नीट घे."

पोंगलला उमाकांतराव आले. नंदिताने त्यांना कुठला पत्ता दिला असेल, या धास्तीने बालाजीराव सकाळपासून दोनदा पायरीवरून घसरला. टॅक्सी गल्लीत शिरली. व्याही उतरले, दुमजली घराकडे बघून म्हणाले, "अहो, एकविसावा मजला म्हणाला होतात ना?"

 

"घेणार होते," अन्नपूर्णा म्हणाली. "मी घेऊं दिला नाही. हातपाय धुवा. विहिरीचं पाणी आहे."

व्याही विहिरीवर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. अंगावर बादलीमागून बादली ओतत होते. आले ते डोकं पुसत. म्हणाले, "आमच्या पुण्यात..." आणि थांबले. मग खालच्या आवाजात, "आमच्याकडे टँकर असतो हो. बादली मोजून."

माझ्या भावाला एवढंच पुरे होतं. गेलेला पाठीचा कणा जागच्या जागी आला. "वेंकटेशाच्या कृपेने मी अंबत्तूर सोडलं नाही," असं तो आता सांगतो, आणि ते सांगताना अन्नपूर्णाकडे बघत नाही. रम्या वरच्या पोर्शनमध्ये आहे. संध्याकाळी ऑफिसातून आली की खाली चहाला बसते. मॅनेजरच्या नकला करते, तमिळमध्ये आणि मराठीतही.

आणि पोंगलनंतरच्या रविवारी व्हॅन आली तेव्हा बालाजीराव व्याह्यांना घेऊन गेला. नुसतं जेवायला, असं म्हणाला. परत आले ते दोघं अगदी तेजस्वी चेहऱ्याने. उमाकांतरावांच्या हातात स्टीलचा डबा, आणि डब्यात बुकिंगची पावती.

"पुणेकराने चेन्नईत जमीन घेतली!" बालाजीरावाने ब्रेकपुढे पेढा ठेवला.

प्लॉट कुठला ते मी विचारलं. त्याने सांगितलं. बदकांना शेजार मिळाला.  व्याह्यांच्या कामात आपण बोलू नये.