दोन डिस्कमधले धवले

घशाच्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले होते, आवाज राहील असं सांगता येत नाही. म्हणून मुलाने मला आणि थोरल्या जाऊबाईंना पडवीत बसवून आमचे सगळे धवले मोबाईलवर भरून घेतले. धवले म्हणजे आमच्याकडची लग्नाची गाणी. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण लग्नघरी खाली मान घालून गायचे. गाताना कोणी तोंडाकडे बघत नाही.

मी ओळ काढायची आणि जाऊबाईंनी ती मागून झेलायची. एका हळदीला मी मामाच्या जागी काका गायले, तर त्यांनीही मागून काकाच गायला. बायका हसायला लागल्या. जाऊबाई म्हणाल्या, "मना काय हसता? ती जाईल तिथं मी जानार!"

मुलाने धवले ठेवायला कॉम्प्युटरला जोडायचा एक डबा आणला. त्यात दोन एसएसडी डिस्क होत्या. माझे मालक म्हणाले, "या डिस्क सहसा बिघडत नाहीत म्हणतोस, मग दोन कशाला? जोडीनं संसार करणार आहेत काय?"

"बाबा, एक बंद पडली तर दुसरीत असेल. आईचा आवाज आहे तो."

मला बरं वाटलं. मोबाईलमध्ये जागा व्हावी म्हणून तिथले धवले त्याने पुसून टाकले. ऑपरेशन झालं आणि माझा आवाज गेला. आता नुसता वारा येतो.

यंदा मुलीचं लग्न ठरलं. मांडवात माझाच आवाज लावायचा असं तिने ठरवलं होतं. साखरपुड्याचे व्हिडिओ डब्यात मावेनात, म्हणून तिने धवले काढून टाकले. डिस्क दोन आहेत, एकीतून काढले तरी दुसरीत राहतील, असं तिला वाटलं. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं. हळद जवळ आल्यावर शोधले, तर कुठेच नाहीत.

मुलाने डबा पेणला दुकानात नेला. मीही गेले. दुकानदाराने पुष्कळ वेळ बघितलं.

"मावशी, या दोन डिस्क एकमेकींची नक्कल करतात. एकीवर लिहिलं की दुसरीवर लिहिलं जातं. एकीवरचं पुसलं की दुसरीवरचंही जातं. एक जळली असती तर दुसरी कामाला आली असती."

"काहीच निघणार नाही?" मुलाने विचारलं.

"जुन्या फिरत्या डिस्कमधून कधीकधी निघतं. एसएसडी पुसलेली जागा आतल्या आत साफ करून टाकते. वेगळी कॉपी कुठं ठेवली नव्हती?"

मुलाने नकाराची मान हलवली आणि डबा पिशवीत घातला. मुलगी दोन दिवस जेवली नाही. तिला काय सांगणार? ओरडायलाही आवाज लागतो.

मग मी धवल्यांचे शब्द लिहायला बसले. चौथीपर्यंतचं शिक्षण तेवढ्याला पुरलं. पण चाल कशी लिहितात ते मला येत नाही. तेव्हा जाऊबाईंची आठवण झाली. इतकी वर्षं त्यांनी प्रत्येक ओळ गायली होती.

त्या मिठागरावरून आल्या होत्या, पाय धूत होत्या. मी समोर बसून पहिल्या ओळीचे शब्द नुसत्या ओठांनी पुटपुटले आणि गायची खूण केली. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"सुरुवात येत न्हाय गो. सुरुवात तुझीच असायची."

मी त्यांचा हात धरला. मुलगी दारात उभी होती.

"तू काढ बाय," त्या म्हणाल्या. "जराशी काढ. मी झेलते."

मी श्वास भरला आणि ओळ काढली. वारा आला. जाऊबाई माझ्या तोंडाकडे बघत थांबून राहिल्या.