गिरणीमालकाचं प्रेम आणि माझी यादी

शारजातल्या आमच्या मराठी वाचक मंडळात मी एका जुन्या इंग्रजी कादंबरीवर बोललो, तेव्हा दोन बायकांनी डोळे पुसले. धुरकट गाव, कापडगिरणी, नवी यंत्रं, संप, आणि या सगळ्यात पायरी ओलांडून जमलेलं प्रेम. "माणूस मोजायचा तो त्याच्या कामावरून, घराण्यावरून नाही," मी म्हणालो. टाळ्या झाल्या, बटाटेवडे आले. माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

शारजाजवळच्या हमरिया औद्योगिक वसाहतीतल्या प्लास्टिकच्या कारखान्यात मी एचआर मॅनेजर. तिथला एक टेक्निशियन चिपळूणकडचा, आयटीआय झालेला, कामगारांच्या कॅम्पात सहा जणांच्या खोलीत राहणारा. सुट्टीच्या दिवशी मी त्याला घरी बोलवायचो. कधी गीझर, कधी पडद्याचा रॉड. "अगदी घरचाच मुलगा," असं सगळ्यांना सांगायचो. कारखान्यात तो मला साहेब म्हणायचा, घरी काका. बायको त्याला चहा कागदी कपात द्यायची. एकदा मुलीने पाहुण्यांच्या कपात दिला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कार्यक्रमाहून परतताना गाडीत ती म्हणाली, "बाबा, वुई वॉन्ट टू गेट मॅरिड." आणि नाव सांगितलं.

"तो? कॅम्पातला?"

"यू जस्ट गेव्ह अ स्पीच, बाबा."

"अगं, ती कादंबरी आहे!"

त्याच महिन्यात ऑटोमॅटिक पॅकिंग मशीन आलं. नऊ माणसं कमी करायची होती, यादी माझ्याकडे. आठ पॅकर्सची नावं लिहिताना माझा हात थांबला नाही, हेही सांगून टाकतो. नववं नाव त्याचं. खरं तर ते मशीन शिकलेला तो एकटाच होता. कारण म्हणून मी टाइप केलं: नव्या यंत्रामुळे पद अनावश्यक. मुलीला सांगितलं, मॅनेजमेंटचा निर्णय, माझ्या हातात काही नाही. त्याचा व्हिसा रद्द झाला, तो गावी गेला.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी मशीन अडकलं. जनरल मॅनेजरने सगळ्यांदेखत मला विचारलं, "हबीबी, मशीन इधर है, चलानेवाला किधर है?" मी इन्शाल्ला म्हणालो. उरलेली माणसं पुन्हा हाताने खोकी बांधायला लागली.

मंडळाने मला परत बोलावलं, प्रेमाचा भाग पुन्हा ऐकायचा होता. मी शर्टाला इस्त्री करत होतो, तोच मुलीने फोन समोर धरला. स्पीकरवर तो होता.

"साहेब, मशीन चालतंय ना?" काका नाही, साहेब. "गोंदाचा रोलर दर पाळीला पुसायला सांगा, नाहीतर अडकतं."

मी इस्त्री बंद केली. "अडकलंय," मी म्हणालो. "आणि यादीत तुझं नाव मॅनेजमेंटने नाही घातलं. मी घातलं. हिच्यामुळे."

"ते कॅम्पात सगळ्यांना माहीत होतं, साहेब."

मुलीला नव्हतं. ती फोन घेऊन खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

पुढच्या महिन्यात लग्न आहे, त्याच्या गावी. बायकोने नवीन कप आणलेत. आम्हाला बोलावणं अजून आलेलं नाही.