खांब पुरणारा इंजिनिअर

वीज खात्यातली दोन जुनी माणसं भेटली की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. तारा, खांब सगळं खात्याच्या मालकीचं. आमच्या मालकीचे हे किस्सेच!

* * *

साठच्या दशकाची सुरुवात. इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षी विषय निवडायचा होता. रेडिओ की पॉवर? वर्गातली हुशार पोरं झाडून सगळी रेडिओकडे. मी पॉवर म्हटल्यावर माझा रूममेट ओरडला, "अरे वेड्या, रेडिओवाल्याला खुर्ची मिळते, पॉवरवाल्याला शिडी!"

वीज खात्यात मुरबाडला हजर झालो त्या दिवशी ऑफिसात खुर्ची नव्हतीच. शिडी होती.

* * *

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे मुळीच पसंत नव्हतं. "मुलगा काय करतो?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "खांब पुरतो!"

मुंबईत मामांनी रेडिओच्या कारखान्यात माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. अण्णांनी बजावलं, "एक गाव उजळ, हौस भागव. त्या दिवशी मी स्वतः येऊन तुला घेऊन जाणार." मला जायचं नव्हतं हो! पण अण्णांपुढे नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

* * *

भातखाचरांच्या कडेनं खांबांसाठी खड्डे खणले आणि पाऊस लागला. उघडीप मिळाल्यावर खांब घेऊन गेलो, तर प्रत्येक खड्ड्यापाशी एकेक माणूस ठाण मांडून बसलेला. खड्ड्यांत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे!

एकजण काकुळतीला आला, "सायेब, खांब जरा पल्याड लावा ना. ह्यो खड्डा लय गुनाचा हाय!"

त्या दिवशी एकही खांब उभा राहिला नाही. चिंबोऱ्यांचा रस्सा मात्र आम्ही पोटभर ओरपला. तशी चव नंतर कुठे मिळाली नाही.

* * *

खांबांना आधाराच्या तिरक्या तारा बांधल्या आणि बायकांची सोय झाली. लुगडी वाळत घालायला! आमचा लाइनमन गोपाळ गावभर ओरडत फिरला, "उद्यापासून लाइट सोडनार! तारेला हात लावायचा नाय!"

एका म्हातारीनं त्याला थांबवलं. "उद्या ना? मंग आज कशाला वरडतस रे?" आणि दुसरं लुगडं टाकलं.

* * *

शेवटी शेणवे गावाच्या बाजूचं आमचं पहिलं गाव तयार झालं. ठरल्याप्रमाणे अण्णा हजर. माझी ट्रंकही त्यांनीच भरून ठेवली. सकाळच्या एसटीनं दोघांनी निघायचं.

तिन्हीसांजेला चावडीपुढे सगळा गाव जमला. स्विचच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. देवकार्य म्हणून सगळ्यांनी चपला लांब काढलेल्या. पुढाऱ्यांनीसुद्धा! गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवलेला मी एकटाच.

मी स्विच ओढला. बल्ब लागला. पुढारी टाळ्यांची वाट पाहत राहिले, पण टाळी कुणी वाजवलीच नाही. घरात दिवा लागल्यावर करतात तसा सगळ्या गावानं त्या बल्बला हात जोडून नमस्कार केला. माझे डोळे भरून आले. अण्णांकडे पाहायचा धीर होईना.

तेवढ्यात त्यांच्या शेजारची सोमीबाई म्हणून एक म्हातारी माझ्या पायांकडे बोट दाखवत कडाडली, "ह्यो तुमचा पोर ना? पायतान घालून दिवा लावतंय! येवढं पन नाय शिकवलं त्याला?"

सगळा गाव अण्णांकडे बघायला लागला. अण्णांचे हात अजून जोडलेलेच होते.

"बाई," ते म्हणाले, "ह्या दिव्याला बूट घालावेच लागतात. पुढच्या गावातही तो घालूनच लावील!"