कान तुटलेला कप आणि शेवटचं पान

मी पत्रकांवर वाढले. बाबा शाळेत शिकवायचे आणि रस्त्यात कुणी हातात कागद ठेवला की घडी घालून घरी आणायचे. संपाची पत्रकं, दारूबंदीची, मूळव्याधीच्या हमखास औषधाची, सगळी एकाच पेटीत. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यात एक ख्रिस्ती प्रचाराचं पत्रक होतं. देव एका माणसाला सांगतो, त्या पापी शहरात जा आणि बजाव, चाळीस दिवसांत तुमचा नाश होणार. माणूस उलट्या दिशेच्या जहाजात बसतो. वादळ येतं, मासा त्याला गिळतो आणि तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ओकतो. मग तो मुकाट्यानं त्या शहरात जाऊन ओरडतो. इथे पत्रक संपायचं, कारण शेवटच्या पानात आईनं कधीतरी हिंग बांधला होता. शहर जळालं असणार, असं मी धरून चालले होते. मला ते जळणं फार आवडायचं.

गेल्या वर्षी मी स्वतः एक पत्रक लिहिलं. राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सफाईला येणाऱ्या मावशींना समोरच्या काकू रोज चहा द्यायच्या, पण कान तुटलेल्या कपात. तो कप घराबाहेरच्या कोनाड्यात असायचा. मावशींनीच तो काढायचा, धुवायचा, परत ठेवायचा. काकू वरून चहा ओतायच्या. ही अस्पृश्यता आहे, तिला दुसरं नाव नाही. ‘एका कपाचा जाहीर निषेध’ असा मथळा देऊन मी काकूंच्या घराचा स्पष्ट उल्लेख केला आणि शंभर झेरॉक्स काढल्या.

बाबांनी वाचलं. “चांगलं लिहिलंयस. आता काकूंना वाचून दाखव.”

हा आमच्या घरचा नियम. ज्याच्याविरुद्ध लिहिलं, त्याला आधी तोंडावर सांगायचं, मगच वाटायचं.

मी दापोऱ्याला आत्याकडे निघून गेले. कारण उघड होतं, पण मी ते कुणाला सांगितलं नाही. काकूंना मी लहानपणापासून ओळखत होते. सांगितलं तर त्या ऐकतील आणि पत्रक वाटायचं राहून जाईल, याचीच मला भीती होती. तीन दिवस केळीच्या बागेत हिंडले. चौथ्या दिवशी बाबांचा फोन आला, “केळीची पानं मोजून झाली का?” आत्यानं डबा भरून मला बसमध्ये बसवलं.

काकू गहू निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं पत्रक वाचलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

“एवढीशी होतीस, माझ्या मांडीवर जेवायचीस. आता मला धडे देतेस?”

“हो, काकू.”

“चहा तर देते ना मी? बाकी कोण देतं गल्लीत?”

“कप कोणता देता?”

त्यांनी सूप आपटलं आणि आत गेल्या. मी खुशीत घरी आले. उद्या सकाळी वाटायचं.

सकाळी गठ्ठा घेऊन बाहेर पडले, तर मावशी काकूंच्या ओट्यावर बसलेल्या. हातात निळ्या फुलांचा कप, पाहुण्यांचा. शेजारी काकू, तसाच कप घेऊन, माझ्याकडे न बघता.

“कोनाड्यातला कप?” मी विचारलं.

“कचऱ्याच्या गाडीत,” मावशी म्हणाल्या. “मीच फेकला, माझ्या हातानं. अगं बेटा, त्याला धरायला कान नव्हता ना, चहा थंड होईपर्यंत थांबावं लागायचं. आज पहिल्यांदा इथं गरम पितेय.”

“पण इतकी वर्षं? त्याचं काय?”

“माफी मागितली यांनी. मी अजून दिली नाही. म्हटलं, आठ दिवस बघते.” काकू कपात बघत राहिल्या. मावशींनी माझ्या गठ्ठ्याकडे हनुवटी उडवली. “तो कागद सांभाळून ठेव. या विसरल्या, तर मीच वाटीन.”

मी गच्चीवर जाऊन गिलक्याच्या वेलाखाली फुगून बसले. शंभर कागद मांडीवर. काकूंची एका रात्रीत सुटका! बाबा वर आले.

“त्या माशाच्या गोष्टीचं शेवटचं पान माहीत आहे तुला?”

“शहर जळतं.”

“नाही जळत. लोक पस्तावतात, देव त्यांना सोडून देतो. आणि तुझा तो माणूस तुझ्यासारखाच एका वेलाखाली रुसून बसतो. म्हणतो, मला माहीतच होतं तू दयाळू आहेस, म्हणून तर पळालो होतो.”

मला हसू आलं. रागही आला. “मग देव काय म्हणतो?”

“वेल वाळून जातो, तेव्हा हा हळहळतो. देव विचारतो, एका वेलासाठी तुझा जीव तुटतो, मग एवढ्या मोठ्या शहरासाठी माझा तुटू नये?”

“आणि तो काय उत्तर देतो?”

“ते सांगितलेलंच नाही.”

गठ्ठा मी पेटीत ठेवला. त्यातला एक शब्दही मी आज बदलणार नाही. पण रोज सकाळी खिडकीतून बघायचे, कप निळ्या फुलांचाच आहे ना. तोच असायचा.

आठव्या दिवशी मावशींनी ओट्यावरून हाक मारली, “ये गं बेटा, आज तुझाही चहा ठेवलाय. कागद नको आणू. बिस्किटं आण.”