वापरलेलं ग्राफिक्स कार्ड

बीडच्या एका दुकानात मी प्रिंटरची शाई घ्यायला गेलो होतो. माझ्या आधी वडवणीकडचा तिशीतला एक मेंढपाळ उभा होता. गेम खेळण्याजोगा कॉम्प्युटर जुळवायला त्याने तीन शेळ्या विकल्या होत्या. बाकीचे भाग नवे घेतल्यावर ग्राफिक्स कार्ड मात्र वापरलेलं घ्यावं लागत होतं, तेही गॅरंटीशिवाय. दुकानदार त्या कार्डाचं कौतुक असं करत होता, की फक्त शाल-श्रीफळ द्यायचं राहिलं होतं.

मेंढपाळाचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने कार्ड नाकाशी नेऊन हुंगलं, पंख्याच्या पात्यांखाली बोट फिरवलं आणि म्हणाला, "चालवून दावा."

दुकानदाराने गेम लावला. पडद्यावर गाड्या सुसाट धावू लागल्या. "बघा मालक, हाय का न्हाई वाघ?"

मेंढपाळाने पडद्याकडे पाहिलंच नाही. उघड्या कॅबिनेटशी वाकून, डोळे मिटून तो पंख्याचा आवाज ऐकत राहिला. एका हाताने त्याने खिशातले पैसे घट्ट धरून ठेवले होते.

"आता कशाला भेताय?" दुकानदार हसला.

"म्या इकल्या त्यातली एक शेळी आजारी व्हती," तो हळूच म्हणाला. "बाजारात ती बी लई टुणटुणीत दिसत व्हती."

दुकानदाराचं हसू थांबलं. गेम बंद करायला त्याचा हात जरा घाईनेच पुढे गेला. ते आम्ही दोघांनीही पाहिलं.

"असू द्या," मेंढपाळ म्हणाला. "बांधा."

त्याला परवडेल असं दुसरं कार्ड दुकानात नव्हतं.